ग्राफिक्स कार्ड लावल्यापासून पीसी मधेच बंद पडतोय? एसएमपीएस बदलण्याआधी हे तपासा

लक्षण ठरलेलं असतं. नवं किंवा सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड बसवलं, विंडोज व्यवस्थित सुरू होतं, ब्राउझर चालतो, यूट्यूब चालतं. गेम किंवा व्हिडिओचा एक्सपोर्ट सुरू केला की काही मिनिटांत खटकन सगळं काळं. फॉरमॅट मारून झाला, ड्रायव्हर तीनदा टाकून झाला, तरी तेच. पुण्या-मुंबईच्या मित्राला विचारलं तर उत्तर तयार असतं: एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कमी पडतोय, साडेसहाशे वॅटचा घे.

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी हे उत्तर अर्धंच आहे. डीपीपासून कार्डापर्यंत वीज बऱ्याच जोडांतून येते: खांबावरून घरात आलेली वायर, भिंतीतला बोर्ड, एक्स्टेंशन, यूपीएस, एसएमपीएस, त्याची केबल आणि शेवटी कार्डावरचा कनेक्टर. कार्ड जोरात ओढायला लागलं की यातला जो सगळ्यात कच्चा तो आधी मान टाकतो, आणि तो दर वेळी एसएमपीएसच असतो असं नाही. मी दुरुस्तीची कामं करतो त्या पट्ट्यात तर निम्म्या वेळा दोष एसएमपीएसच्या बाहेर सापडतो.

आधी बंद कसा पडतो ते बघा

पीसी "बंद पडतो" एवढं सांगून काही कळत नाही. कसा पडतो ते महत्त्वाचं.

पीसी क्षणात जाऊन आपोआप परत चालू होत असेल, तर एसएमपीएसकडून मदरबोर्डला जाणारा "वीज ठीक आहे" हा सिग्नल क्षणभर तुटला, असा संशय घ्यायचा. व्होल्टेजचा झोका, यूपीएसची अदलाबदल किंवा ताणाखाली दमलेला एसएमपीएस, तिघांपैकी कोणीही. पूर्ण मेला आणि मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय बटणाला दाद देत नाही, म्हणजे एसएमपीएसने जास्त करंट किंवा शॉर्ट पाहून स्वतःला कुलूप लावून घेतलं. स्क्रीन काळी पण पंखे भन्नाट फिरतायत, असं असेल तर कार्डाचा कनेक्टर किंवा कार्डच बघा. आणि स्क्रीन काळी होऊन परत आली, गेम तेवढा बंद झाला, तर तो बहुतेक ड्रायव्हरचा किंवा ओव्हरक्लॉकचा (कार्ड ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्याचा) मामला. त्यात विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) डिस्प्ले ४१०१ अशी नोंद दिसते.

कर्नल-पॉवर ४१ ही नोंद मात्र मनावर घेऊ नका. लोक तिचा स्क्रीनशॉट पाठवतात आणि विचारतात, याचा अर्थ एसएमपीएस गेला ना? तिचा अर्थ एवढाच की विंडोज नीट शटडाऊन न होता बंद झालं. लाईट गेली तरी तीच नोंद पडते.

बंद पडण्याची वेळही लिहून ठेवा. दुपारी चालतो आणि संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यानच पडतो, असं दिसलं तर कॅबिनेट उघडण्याआधी भिंतीकडे बघा.

फुकटातली पहिली चाचणी

एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्डाची ओढ आवरणारं सॉफ्टवेअर टाका आणि पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा. १७० वॅटचं कार्ड मग १२० च्या आत राहतं, फ्रेम थोड्याच कमी होतात. तोच गेम, तोच एक्सपोर्ट पुन्हा चालवा. आता पडत नसेल तर दोष विजेच्या वाटेवर आहे हे जवळपास नक्की. तरीही पडत असेल तर रॅम, तापमान, ड्रायव्हर यांच्याकडे वळा आणि एसएमपीएसचे पैसे तूर्त खिशात ठेवा.

कार्ड खरंच किती ओढतं

मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनांचा कनेक्टर आणखी ७५ देतो, आठ पिनांचा १५०. म्हणून जीटीएक्स १६५० किंवा आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं कार्ड बऱ्याचदा वेगळ्या केबलशिवाय चालतं, तर आरटीएक्स ३०६० ला एक आठ पिनांची केबल लागतेच. कंपन्यांच्या आकड्यांनुसार आरटीएक्स ४०६० ११५ वॅट, आरएक्स ६६०० १३२, आरटीएक्स ३०६० १७०, आरटीएक्स ४०७० २००, आरएक्स ६७०० एक्सटी २३० आणि आरटीएक्स ३०८० ३२० वॅट घेतं.

गावात सध्या सर्रास दिसणारी जोडी घेऊ: कोअर आय५ १२४००एफ आणि आरटीएक्स ३०६०. प्रोसेसर जोरात असताना ११७, कार्ड १७०, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नास-साठ. झाले साधारण ३४५ वॅट. मग आरटीएक्सवाली कंपनी एन्व्हिडिया ५५० चा एसएमपीएस का सांगते? एक तर बाजारातल्या हलक्या एसएमपीएसचा भरवसा नसल्याने त्यांनी पदर राखून आकडा दिलाय. दुसरं कारण खरं तांत्रिक आहे: कार्डाचा आकडा सरासरीचा असतो. प्रत्यक्षात काही मिलिसेकंदांसाठी ओढ दीडपट, मोठ्या कार्डांत दुपटीपर्यंतही जाते. २०२० मध्ये आरटीएक्स ३०८०-३०९० आली तेव्हा चांगले, महागडे एसएमपीएससुद्धा याच झटक्यांनी बंद पडायला लागले. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात असे दुपटीपर्यंतचे क्षणिक झटके सोसण्याची अट घालण्यात आली.

डब्यावरचा मोठा आकडा सोडा, लेबल वाचा

कॅबिनेटबरोबर आलेला "५०० वॅट"चा एसएमपीएस बाहेर काढा आणि कुशीवरचं लेबल बघा. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टच्या लाईनवर जगतात, त्यामुळे +१२V खाली किती अँपिअर लिहिलेत तेवढंच बघायचं. परवाच एक असा डबा हातात आला: बाहेर ठळक ५००, आत १२ व्होल्टवर १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. वरच्या जोडीला प्रोसेसर आणि कार्डासाठीच २८७ लागतात. असा एसएमपीएस वजनालाही हलका लागतो आणि मागे २३०/११५ चा लाल स्विच असतो. तो स्विच दिसला की समजायचं, आत ॲक्टिव्ह पीएफसी (कमी-जास्त व्होल्टेजवरही काम चालू ठेवणारं सर्किट) नाही आणि व्होल्टेज पडलं की हा तग धरणार नाही.

चांगल्या ५५० वॅटच्या लेबलवर १२ व्होल्टला ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे जवळजवळ सगळी ताकद कामाच्या लाईनवर. इनपुटला १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं. आपल्याकडे ही दुसरी ओळ पहिलीइतकीच मोलाची.

यूपीएस: या पट्ट्यातला खरा गुन्हेगार

मालवणजवळच्या एका मुलाचा पीसी. तारकर्लीला स्कूबाला येणाऱ्या पर्यटकांचे व्हिडिओ तो संपादित करून देतो, दाविंची रिझॉल्व्हवर. मे महिना, कामाचा हंगाम, आणि संध्याकाळी एक्सपोर्ट लावला की पीसी रिस्टार्ट. लाईट गेलेली नसायची, त्यामुळे तो जास्तच वैतागलेला: "लाईट आसताना बंद पडता, आता काय करूचा?" ४५० चा एसएमपीएस काढून त्याने ६५० चा चांगला बसवून घेतला होता. फरक शून्य.

पीसी होता ६०० व्हीएच्या यूपीएसवर, जसा तो आपल्याकडे घरोघरी असतो. सहाशे हा आकडा व्हीएचा, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअरचा. वॅटमध्ये तो ३६० च भरतो, आणि हे मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आता हिशोब करा. एक्सपोर्टच्या वेळी पीसी आत २८० वॅट वापरतोय असं धरलं, तर ८५ टक्के कार्यक्षमतेच्या एसएमपीएसला भिंतीकडून ३३० लागतात. मॉनिटर त्याच यूपीएसवर, त्याचे पंचवीस. राउटरही तिथेच. म्हणजे यूपीएस काठोकाठ भरलेला.

दुपारी व्होल्टेज २२५ असताना यूपीएस वीज नुसती पुढे ढकलतो, निभून जातं. संध्याकाळी होमस्टेंचे एसी सुरू होतात, पाण्याचे पंप लागतात, आणि सॉकेटवर मीटर लावला तर १६०-१६५. यूपीएसच्या आत रिले टक-टक वाजू लागतो. दीडशेच्या आसपास तो मेन्स सोडून बॅटरीवर उडी मारतो, आणि बॅटरी कसली तर १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची, तीही दोन पावसाळे काढलेली. साडेतीनशे वॅटसाठी तिच्यातून तीस अँपिअर ओढायचे. ती एका श्वासात बसते आणि पीसी खाली. व्होल्टेज लगेच वर आलं की यूपीएस पुन्हा मेन्सवर आणि पीसी पुन्हा चालू. बघणाऱ्याला वाटतं, आपोआप रिस्टार्ट झाला.

खात्री करणं सोपं होतं. आकाश निरभ्र, विजा नाहीत, हे बघून पीसी थोडा वेळ थेट भिंतीच्या सॉकेटला लावला. त्याच संध्याकाळी, त्याच पडलेल्या व्होल्टेजवर एक्सपोर्ट शेवटपर्यंत गेला, कारण नवा एसएमपीएस १०० व्होल्टपासून चालणारा होता. एसएमपीएसच्या पैशात मोठा यूपीएस आला असता. त्याने पुढे १००० व्हीए, ६०० वॅटचा घेतला आणि मॉनिटर, राउटर जुन्या यूपीएसवर ठेवले. या कामासाठी साइन वेव्ह (बॅटरीवरही मेन्ससारखी गुळगुळीत लाटेची वीज देणारा) यूपीएस मिळाला तर उत्तम. ॲक्टिव्ह पीएफसीवाले काही एसएमपीएस स्क्वेअर वेव्हवर कुरकुरतात, बॅटरीवर जाताच बंद पडतात.

इन्व्हर्टरवाल्यांसाठी वेगळी सूचना. जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते या वादळांनंतर किनाऱ्यावर घराघरांत इन्व्हर्टर आले, आणि पीसीचा प्लगही त्याच लाईनवर गेला. पूर्ण लोडवर एसएमपीएस विजेशिवाय साधारण सोळा मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर अदलाबदलीला त्याहून जास्त वेळ घेतो. बऱ्याच इन्व्हर्टरांच्या मागे किंवा पुढे "यूपीएस मोड"चा स्विच असतो, तो चालू करा. पंखे-ट्यूबला फरक पडत नाही म्हणून वायरमन तो कित्येकदा तसाच ठेवून जातो.

सॉकेटवरचा सैल जोड

साधा मल्टीमीटर घ्या, एसीवर ठेवा. त्याच बोर्डवरच्या शेजारच्या सॉकेटमध्ये, पीसी निवांत असताना आणि मग फरमार्क (कार्डाला पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर) चालू असताना, व्होल्टेज वाचा. पीसी ओढतो जेमतेम दीड अँपिअर. तेवढ्याने व्होल्टेज दहाने पडत असेल तर बोर्डात, एक्स्टेंशनमध्ये किंवा मीटरपाशी कुठला तरी जोड सैल आहे आणि तिथे पंधरा वॅट नुसते तापण्यात जातायत. इलेक्ट्रिशियनला बोलवा, हे पीसीवाल्याचं काम नाही. आणि व्होल्टेज कधी १७०, कधी २७० असं नाचत असेल तर न्यूट्रल सैल असू शकतो. झावळी पडून वायर ताणली गेली की हे होतं. पीसी तर लगेच काढाच, फ्रिजही काढा.

कॅबिनेटला उघडा हात लागल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून बारीक गळती कॅबिनेटवर येते आणि तिला जमिनीची वाट मिळत नाही. त्याने सहसा रिस्टार्ट होत नाही, पण टीव्हीला किंवा डिशच्या सेटटॉप बॉक्सला जोडलेला एचडीएमआय पोर्ट जळतो. जांभ्याच्या कातळावरच्या घरांत एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो. त्यात पाणी घालत जा.

खारी हवा आणि कनेक्टर

समुद्रापासून दोन-चार किलोमीटरच्या आत, खिडक्या उघड्या ठेवून चालणाऱ्या पीसीच्या पिना कळकतात. मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि धातूवर पुट धरतं. आठ पिनांच्या कनेक्टरमधून १५० वॅट म्हणजे साडेबारा अँपिअर, तीन पिवळ्या वायरींत प्रत्येकी चार-सव्वाचार. एक पिन खराब झाली की उरलेल्या दोघींवर सव्वासहा. त्या तापतात, तापल्या की आणखी काळ्या पडतात.

हे उघडून न बघताही पकडता येतं. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालू करून सेन्सर्सच्या पानावर जा. बऱ्याच कार्डांवर तिथे स्लॉटमधलं व्होल्टेज आणि आठ पिनांच्या कनेक्टरचं व्होल्टेज वेगवेगळं दिसतं. लोड दिल्यावर दोन्ही सारखीच खाली आली तर एसएमपीएस दमतोय. स्लॉटवर ११.९ आणि कनेक्टरवर ११.४ असं दिसलं तर एसएमपीएस निर्दोष, केबल किंवा पिना दोषी. १२ व्होल्टच्या लाईनला पाच टक्के सूट असते, म्हणजे ११.४ ही खालची हद्द.

पीसी बंद, प्लग काढलेला, मग कनेक्टर काढून पिनांचा रंग बघा. मळकट पांढुरकं किंवा हिरवट पुट असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, चार-पाचदा घाल-काढ करून घट्ट बसवा. प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर मात्र पुसत बसू नका, केबल बदला. कार्डाची स्लॉटमधली सोनेरी पट्टीही त्याच वेळी पुसून घ्या. पावसाळ्यात पीसी आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. रोज तासभर चालू राहिला तर आतली ओल उडते. आतापर्यंत एसएमपीएसमध्ये पाल शिरून झालेले शॉर्टही मी काही कमी पाहिले नाहीत. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या काढून टाकलेल्या असतील तर त्या परत लावा.

एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या वर डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकतं.

घ्यायचाच झाला तर

वरचं सगळं तपासून दोष एसएमपीएसवरच आला तर: ७५ वॅटच्या आतल्या कार्डाला चांगला ४५० पुष्कळ झाला. आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६०, ३०६० यांना ५५०. आरटीएक्स ४०७० आणि आरएक्स ६७०० एक्सटीला ६५०. ३०८० ला ७५० च्या खाली जाऊ नका. ४०९० ला कंपनी ८५० सांगते, ५०९० ला १०००, पण इतकं कार्ड घेणाऱ्याने आधी घराची वायरिंग बघावी असं माझं मत.

हजार वॅटचा एसएमपीएस घेतला म्हणून वीजबिल वाढत नाही. तो लागेल तेवढंच ओढतो. पण दोनशे वॅटच्या पीसीला हजाराचा डबा घेणं म्हणजे यूपीएसचे पैसे चुकीच्या जागी घालणं. ८० प्लसचं ब्रॉन्झ, गोल्ड हे शिक्के कार्यक्षमता सांगतात, संरक्षण किती चांगलं ते सांगत नाहीत. वॉरंटी किती वर्षांची ते बघा, पाच किंवा त्याहून जास्त हवी. किती अंश तापमानाला पूर्ण वॅट देतो तेही बघा: ४० किंवा ५० लिहिलेलं असेल तर ठीक. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत कॅबिनेटच्या आतली हवा चाळिशी सहज ओलांडते, आणि दहा अंश तापमान वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

कार्डाला दोन आठ पिनांचे कनेक्टर असतील तर एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल ओढा. एकाच केबलला फुटलेली दोन तोंडं वापरू नका. साटा (हार्ड डिस्कला वीज देणारा कनेक्टर) पासून सहा पिनांचा जोड दुकानात स्वस्तात मिळतो, तो घेऊच नका: साटा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॅटच देऊ शकतो आणि कार्ड ७५ मागतं. नव्या कार्डांवरचा सोळा पिनांचा कनेक्टर शेवटपर्यंत दाबून बसला पाहिजे, आणि त्याच्या तोंडापाशीच वायर वळवू नका.

मॉड्युलर (केबली सुट्या होणारा) एसएमपीएस बदलताना जुन्या केबली तशाच ठेवून नुसता डबा बदलायचा मोह होतो, वायरींचा गुंता नको म्हणून. कार्डाकडची टोकं सगळ्यांची सारखी असतात, एसएमपीएसकडची नसतात. कनेक्टर बसतो छान, पण पाच व्होल्टच्या जागी बारा जातात आणि हार्ड डिस्क लग्नांच्या व्हिडिओंसकट जाते. जुन्या केबली जुन्या डब्याबरोबरच पिशवीत भरा.